दीड सेकंद

सात दिवसांसाठी मिळालाय हा फोन,
बुधवारी संध्याकाळी खोक्यासकट परत.
चार्जर, हेडफोन, वायर, जाडजूड पुस्तिका,
खाली माझी सही, शेजारी निखाडेची.
साडेपाचशे शब्द हवेत, आणि दहापैकी गुण.

वजन शहांच्या किराणा काट्यावर केलं, सीवूड्सला:
एकशे अडतीस ग्रॅम.
शहांनी सवयीने विचारलं, पिशवी देऊ?
रेडिओ स्वच्छ, लिफ्टमध्ये तेवढी खरखर.
गाणं मोठं केलं की मागचं झाकण थरथरतं.
लिहून घेतलं.

रंग तपासायला दिवाळ्याच्या जेट्टीवर गेलो.
गुणाबायच्या पाटीतले बोंबील
पडद्यावर निळे पडले.
तिने मान वाकडी करून पाहिलं:
"माझा म्हावरा शिला दाखवतं रं तुझा फोन,
गिऱ्हाईक पलंल."
मी लिहिलं, पांढऱ्याचा तोल ढळतो.
तिचं वाक्य जास्त अचूक होतं,
पण छापलं नसतं कोणी.

रात्री पाम बीच रोडवर
फ्लॅशने हातभर उजेड दिला,
पलीकडचं सगळं खारफुटीच्या हवाली.

एवढं चालतं. इतरांचंही असंच असतं.
याचा खरा दोष वेगळा:
बटण दाबलं की हा विचार करत बसतो.
घड्याळ लावून मोजलं. शून्यावर दाबलं,
फोटोत आकडा आला एक पूर्णांक बावन्न.
पाच वेळा मोजलं. पाचही वेळा दीडच्या आसपास.

धारण तलावाच्या कठड्यावरचा बगळा काढायला गेलो,
कठडा आला.
सोसायटीच्या पूजेनंतरचा ग्रुप फोटो:
सगळ्यांचं हसून झालेलं,
चेअरमन वाघधरे पोट सोडून मोकळे,
ज्यांचं पार्किंगवरून भांडण, त्या दोघींनी
एकमेकींच्या खांद्यावरचे हात काढून घेतलेले.

मग हेमांगी. आमचीच बाल्कनी,
मागे वाळत घातलेला टॉवेल, साडेपाचचं ऊन.
ती हसली, नेहमी फोटोला हसते तशी.
मी दाबलं.
फोनने त्याचा वेळ घेतला.

फोटोत ती हसत नव्हती.
ऑफिसातून आल्यावर घड्याळ काढून ठेवावं
तसं हसू काढून ठेवलेलं कुठेतरी,
आणि नजर माझ्या खांद्यावरून पार,
पारसिकच्या डोंगराकडे म्हणावी
तर डोंगर त्या बाजूला नाही.
अकरा वर्षांत हा चेहरा
माझ्यासमोर कधी आला नव्हता.
किंवा रोज येत असेल,
मी बटण दाबून वळल्यावर.

"काय विचार करत होतीस?"
"कधी?"
"फोटो काढला तेव्हा."
"काढून झाल्यावर म्हण."

मग तिने फोन घेतला हातातून.
"तू उभा राहा."
मी उभा राहिलो, हसलो,
आणि मला तर माहीत होतं ना, दीड सेकंद थांबायचं,
मोजतही होतो मनात,
तरी कुठेतरी सुटलं.
तिने पडद्याकडे बराच वेळ पाहिलं.
"दाखव ना."
"ब्लूटूथ तपासायचंय म्हणत होतास," ती म्हणाली,
आणि तो फोटो स्वतःच्या फोनवर घेऊन
आत कुकर बघायला गेली.
भिंतीआडूनही पोचतो.
लिहून घेतलं.

बुधवारी सगळं पुसायचं असतं.
फोनने विचारलं, नक्की?
तिचा तो फोटो उघडून
मी बसून राहिलो पाचएक मिनिटं.
मग हो म्हटलं.

साडेसहा गुण दिले.
दोषांमध्ये पहिलाच: शटर उशिरा पडतो,
चालती-बोलती माणसं टिपायला निरुपयोगी.
निखाडेने वाचलं, मान डोलावली,
खोकं उघडून एकेक वस्तू मोजली:
चार्जर, वायर, पुस्तिका.
मग हेडफोन नाकाशी धरून म्हणाला,
"डाव्या कानाचा स्पंज कुठाय?"